पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपवर अवांतर गप्पा : डिलीट करायच्या, वेगळ्या काढायच्या की चालू द्यायच्या?

तापीकाठ, भुसावळ

राम राम मंडळी. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या पक्षीनिरीक्षकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सदस्य ४३०, ॲडमिन ५, त्यातले दोघे नावापुरते. हतनूर धरणावर बदकं उतरली की ग्रुप जागा होतो आणि नेमकं तेव्हाच अवांतरही जोरात येतं. शुभ सकाळची फुलं. आखाजी, कानबाई, दिवाळीच्या शुभेच्छा. निवडणूक आली की पक्ष्यांऐवजी पक्ष. कुणाला जुनी दुर्बीण विकायची असते. लेन्सवरून दोन-दोन तास खल चालतो. घरात साप निघाला, कोणाला बोलावू? आणि थंडी पडली की भरीत पार्टीची आमंत्रणं.

एक गट म्हणतो, पक्षी सोडून एक शब्द नको. दुसरा म्हणतो, मग ग्रुप कशाला, सूचनाफलकच लावा. सध्या ज्या ॲडमिनला जेव्हा वाटेल तेव्हा तो डिलीट करतो, त्यावरून रुसवेफुगवे सुरू आहेत. चार गोष्टी विचारायच्या आहेत:

१. गप्पांसाठी वेगळा ग्रुप काढावा का?
२. ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ असं करून टाकलं तर?
३. कुणाला काढायचं झालं तर किती वेळा सांगून काढायचं?
४. कोणी भलतंसलतं टाकलं तर ॲडमिन अडकतो का?

सातपुडा_पायवाट, चोपडा

भाऊ, ‘अवांतर’ असा एकच डबा करून त्यात सगळं कोंबलंय, तिथेच घोळ आहे. तुम्ही दिलेल्या यादीत निदान पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचं औषध वेगळं.

शुभेच्छा घ्या. एकेक मेसेज निरुपद्रवी असतो, मारते ती संख्या. सणाच्या सकाळी ऐंशी फुलं आली की माणूस ग्रुप म्यूट करतो. तो ग्रुप सोडत नाही, त्यामुळे आकडा ४३० चा ४३०च दिसतो आणि ॲडमिनला वाटतं सगळं ठीक आहे. पुढे एखादा दुर्मिळ पक्षी दिसल्याचा मेसेज येतो तेव्हा तो वाचायला कोणी नसतं. हे मोजता येतं. एखादा महत्त्वाचा मेसेज स्वतः टाका, दोन-तीन तासांनी त्यावर बोट दाबून धरून ‘माहिती’ उघडा. कोणी वाचला आणि कोणाला नुसता पोहोचला, याची यादी दिसते. निळ्या टिका बंद करून बसलेलेही ग्रुपमध्ये यातून सुटत नाहीत, कारण ती सेटिंग ग्रुपला लागू होत नाही. महिन्यातून एकदा हे बघा. वाचणारे घटत चालले असतील तर अवांतर खरंच त्रास देतंय. घटत नसतील तर तक्रार चार जणांची आहे, ग्रुपची नव्हे. शुभेच्छांवर उपाय सोपा आहे. सणाच्या आदल्या रात्री ॲडमिनने सगळ्यांच्या वतीने एकच शुभेच्छा टाकायची आणि खाली लिहायचं, ‘ज्यांना द्यायच्या त्यांनी याच मेसेजवर इमोजी ठोका.’ इमोजीने यादीत नवा मेसेज चढत नाही, आणि शुभेच्छा दिल्याचं समाधान मिळतं ते मिळतंच.

बाजार. आठवड्याचा एक वार ठरवा, रविवार बरा. साचा बांधून द्या: वस्तू, मॉडेल, किती वर्षं वापरली, किंमत, गाव, जास्तीत जास्त दोन फोटो. घासाघीस खासगीत. किंमत न लिहिलेली जाहिरात काढायची, कारण ‘किती?’, ‘किती?’ असे वीस मेसेज त्यामुळेच येतात. पोपट, मुनिया किंवा कोणत्याही देशी रानपाखराची, पिसांची, अंड्यांची विक्री दिसली तर मात्र वार बघायचा नाही. स्क्रीनशॉट घ्यायचा, मेसेज काढायचा, माणूसही काढायचा. तो गुन्हा आहे.

शेजारचे विषय. झाडं, फुलपाखरं, साप, कॅमेरा. हे हाकलू नका. पळस-सावर फुलल्यावर तिथे कोण कोण येतं हे कळलं नाही तर पक्षी काय कळणार? लेन्सची चर्चा मात्र दोघांचीच होऊन बसते, बाकीचे ४२८ प्रेक्षक. तिथे दहा मेसेजची मर्यादा घाला. अकराव्याला कोणताही सदस्य ‘दहा झाले’ लिहू शकतो, त्यासाठी ॲडमिन लागत नाही.

राजकारण, जात, धर्म, वर्गणी, नोकरीच्या जाहिराती, आरोग्याचे फॉरवर्ड. यात ‘पण हा चांगला आहे’ असा अपवाद एकदासुद्धा करू नका. अपवाद नेहमी ॲडमिनच्या आवडीचा असतो आणि तो समोरच्याला बरोबर दिसतो. मजकूर वाचून न्याय करत बसण्याऐवजी खूण बघा. ज्या मेसेजवर दोन बाण आहेत, म्हणजे ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’, तो पक्ष्यांबद्दल असला तरी काढायचा. ही खूण पाच किंवा जास्त वेळा पुढे सरकलेल्या मेसेजवर येते. ‘तुम्ही आमच्याच विचाराचं का काढता’ या प्रश्नाला मग एकच उत्तर: बाण बघा.

राहिलं तातडीचं. साप निघाला, घार जखमी झाली, बगळा मांज्यात अडकला. हे अवांतर नाही. पण त्यावर ‘अरेरे’, ‘बिचारा’, हात जोडलेले चाळीस इमोजी येतात तेव्हा खरं उत्तर खाली दबतं. त्याचा मजकूर तयार करून पिन करून ठेवा.

पाणथळ, यावल

सेटिंगचं मी लिहितो, कारण बरेच ॲडमिन जे बटण नाही तेच शोधत बसतात.

व्हॉट्सॲपवर एका सदस्याला गप्प करायची सोय नाही. एक तर सगळ्यांना गप्प करा, नाही तर त्याला काढा, मधला रस्ता नाही. म्हणून ‘आठ दिवस बोलायचं नाही’ ही शिक्षा व्हॉट्सॲपवर द्यायची म्हणजे काढणं आणि आठ दिवसांनी परत घेणं. ते करताना तारीख आधीच सांगून ठेवा, नाही तर माणूस परत येत नाही.

ॲडमिनने दुसऱ्याचा मेसेज काढला की जागेवर ‘अमुक ॲडमिनने डिलीट केला’ अशी ओळ राहते, नावासकट. सगळे बघतात. भांडणं मेसेज गेल्यामुळे होतात त्यापेक्षा या ओळीमुळे जास्त होतात. म्हणून क्रम पाळा: आधी त्या माणसाला खासगीत दोन ओळी, ‘नियमात बसत नाही, तुम्हीच काढता का?’ दहा मिनिटं थांबा. स्वतः टाकलेला मेसेज सगळ्यांसाठी काढायला साधारण अडीच दिवसांची मुदत असते, त्यामुळे ‘आता निघत नाही’ ही सबब चालत नाही. निम्मे लोक स्वतःच काढतात आणि कुणाचं तोंड उतरत नाही. थांबायचं नाही ते फक्त दोन बाबतींत: घरट्याची जागा आणि शिवीगाळ.

मेसेज एका ग्रुपातून उचलून दुसऱ्यात ठेवता येत नाही. ‘हे गप्पांच्या ग्रुपात हलवा’ असं सांगणं म्हणजे ‘पुन्हा टाइप करा’ असं सांगणं. लोक करत नाहीत आणि चर्चा मरते. चर्चा सुरू होतानाच टोकलंत तर ती हलते, चाळिसाव्या मेसेजला टोकलंत तर भांडण होतं.

‘फक्त ॲडमिन’ कायमचं करू नका. ४३० जणांची निरीक्षणं पाच जणांच्या हातून जाणार असतील तर ती येणंच थांबतं. ते कुलूप तात्पुरतं वापरा: निकालाच्या दिवशी, कडाक्याचं भांडण पेटलं तर रात्रभर. लावताना ‘उद्या सकाळी ६ ला उघडतो’ असं लिहा आणि ६ ला उघडा. वेळ न लिहिता लावलेलं कुलूप म्हणजे ॲडमिनचा राग, असाच अर्थ काढतात.

पिन जास्तीत जास्त तीन मेसेज होतात आणि मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस. कायमची पिन नाही. नियम पिन केले आणि विसरलो, असं झालं की तिसाव्या दिवशी ते गुपचूप निघून जातात. एका ॲडमिनच्या फोनमध्ये दर १ तारखेची आठवण लावा. तिन्ही जागा नियमांना देऊ नका: एक नियम, एक जखमी पक्षी, एक चालू हंगामाचं काही.

नव्या सदस्यांसाठी मंजुरीची सेटिंग चालू ठेवा. लिंक कुठे कुठे फिरते ते कळत नाही. मंजुरीआधी एकच प्रश्न विचारा, ‘शेवटचा पक्षी कुठे बघितला?’ उत्तर काय आहे याला महत्त्व नाही, उत्तर आलं का याला आहे. जाहिरातवाले उत्तर देत नाहीत.

आपोआप गायब होणारे मेसेज मुख्य ग्रुपवर चालू करू नका. सगळ्या नोंदी गेल्या म्हणून समजा. गप्पांच्या ग्रुपवर मात्र ७ दिवसांची मुदत उत्तम, फोनही भरत नाही आणि जुनी भांडणं उकरून काढता येत नाहीत.

वेगळा ग्रुप काढायचा तर ‘कम्युनिटी’ खाली दोन्ही ठेवा. वरच्या घोषणांच्या ग्रुपवर आपोआप फक्त ॲडमिनच लिहू शकतात. गणना, सहल, बैठक तिथे टाका. ज्याला आवाज नको त्याने तेवढाच चालू ठेवावा.

टेलिग्रामवर यातल्या निम्म्या अडचणी नाहीत. एकाच ग्रुपात विषयवार कप्पे करता येतात, एकट्या माणसाला ठरावीक मुदतीपुरतं थांबवता येतं, ‘स्लो मोड’ लावला की एकाच माणसाच्या दोन मेसेजमध्ये १ तासापर्यंत अंतर ठेवता येतं, आणि कोणत्या ॲडमिनने काय काढलं याची ४८ तासांची नोंद ॲडमिनना दिसते. पण तालुक्याच्या गावातली जुनी जाणती माणसं तिकडे येत नाहीत, आणि जंगलातले निम्मे बारकावे त्यांच्याकडेच असतात. सोयीसाठी ती गमावू नका.

आप्पा_वाघूर, जामनेर

भो, येवढा नियम कोन वाचस? पाच ओळीत बसवा. फोन वर न सरकवता जेवढं दिसतं तेवढंच वाचलं जातं.

आणि एक. वेगळ्या ग्रुपला ‘अवांतर’, ‘इतर’, ‘टाइमपास’ असलं नाव देऊ नका. तिकडे पाठवलं म्हणजे हाकललं असं वाटतं. ‘भरीत कट्टा’ नाव ठेवा, लोक आपणहून जातील. तिथे ॲडमिनने स्वतः रोज काहीतरी टाकायला हवं, निदान पहिला महिना. ॲडमिन फिरकत नाही तो कट्टा पंधरा दिवसांत ओस पडतो आणि सगळं परत मुख्य ग्रुपवर येतं.

रानवाट_शहादा

वर सगळं बरोबर लिहिलंय, पण मूळ प्रश्नातच एक गोष्ट राहून गेली. पक्ष्यांच्या ग्रुपवर खरं नुकसान अवांतराने होत नाही, ते विषयाला धरून आलेल्या मेसेजने होतं. शुभ सकाळच्या फुलाने फार तर कंटाळा येतो. रानपिंगळा या दुर्मिळ छोट्या घुबडाच्या ढोलीचा लाइव्ह लोकेशनसकट टाकलेला फोटो संपूर्ण विषयाला धरून असतो, त्यावर शंभर अंगठे येतात आणि रविवारी तिथे दहा गाड्या उभ्या असतात.

आपल्या भागाला हे जास्त लागू आहे. रानपिंगळ्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८७३ साली झालं, १८८४ नंतर खात्रीची नोंद नव्हती. मधे १९१४ चा, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून एक नमुना संग्रहालयात होता. तो मुळात संग्रहालयातूनच चोरलेला जुना नमुना, नवी खोटी चिठ्ठी लावलेला, असं पुढे पक्षीशास्त्रज्ञ पॅमेला रासमुसेन यांच्या तपासात निघालं. ती खोटी जागा बाजूला काढून, खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतला तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये हा पक्षी शहाद्याजवळ पुन्हा सापडला. एका खोट्या नोंदीने एवढा घोळ घातला. म्हणून ग्रुपवर नोंद तपासणं आणि जागा झाकणं ही दोन कामं शुभेच्छा आवरण्यापेक्षा आधीची.

जागेचा नियम असा ठेवा. घुबडं, शिकारी पक्षी, रानपिंगळा आणि कोणत्याही पक्ष्याचं चालू घरटं यांची जागा तालुक्यापर्यंतच लिहायची. ‘अक्राणी तालुका’ चालेल, वस्तीचं नाव नाही, पाझर तलावाचं नाव नाही, नकाशावरची खूण अजिबात नाही. विचारणाऱ्यालाही आवरा. ‘नक्की कुठे?’ हा प्रश्नच नियमात मनाई म्हणून लिहा, नाही तर टाकणारा पाळतो आणि दुसरा कोणी उत्साहात उत्तर देऊन मोकळा होतो.

फोटोतून जागा फुटते ती अशी. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर त्यातली जीपीएसची माहिती निघून जाते. पण ‘दर्जा टिकावा’ म्हणून तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी जाते, अक्षांश-रेखांशासकट. मोबाइलच्या कॅमेऱ्यात जीपीएस बहुधा चालूच असतं. मोठ्या कॅमेऱ्यात नसलं तरी फोनच्या ॲपला जोडला असेल तर तेही नोंदवलं जातं. त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून फोटो नको, हा वेगळा नियम करा. शिवाय मागे दिसणारा मैलाचा दगड, विजेच्या टॉवरचा क्रमांक, मंदिराचा कळस. हे कापून मगच टाका.

पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या ईबर्ड या साइटवर संवेदनशील ठरवलेल्या जातींची नेमकी जागा सार्वजनिक दाखवत नाहीत, आणि आपली यादी आपणच लपवूही शकतो. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर ‘ऑब्स्क्युअर्ड’ (जागा झाकलेली) निवडलं की बिंदू ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी दाखवतात, म्हणजे साधारण २० किलोमीटरचा फरक. पण तिथे झाकून ठेवलं आणि ग्रुपवर गाव लिहून मोकळे झालो तर उपयोग शून्य.

घरट्याच्या फोटोंबाबत कडक राहा, इथे आधी सूचना नाही, आधी काढणं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं येतं. फांदी वाकवून, पानं तोडून काढलेला फोटो ओळखू येतो: घरटं उघडं पडलेलं असतं, ताज्या तुटलेल्या देठांची टोकं पांढरी दिसतात आणि पिल्लांवर थेट ऊन असतं. आपल्याकडच्या उन्हात झाकण गेलेलं घरटं दुपारपर्यंत तग धरत नाही. असा फोटो राहू दिला की पुढच्या आठवड्यात तसेच चार येतात, कारण लोक अंगठे मोजतात.

पाणथळ, यावल

शहादेकरांच्या मुद्द्याला जोडून नोंद तपासण्याचं. ‘हा कोणता?’ या प्रश्नाला साचा द्या, अवांतर आपोआप घटतं: तारीख, तालुका, परिसर (माळ, पाणथळ, सागाचं जंगल, केळीची बाग), आकार मैनेएवढा की कावळ्याएवढा, आणि फोटो दोन, एक कापलेला आणि एक मूळ. नुसता कापलेला फोटो आला की आकार कळत नाही आणि तिथून वीस मेसेजची लढाई सुरू होते.

उत्तर देणाऱ्यावरही बंधन: नावाबरोबर एक कारण लिहायचं. पिंगळ्याचंच उदाहरण. कोणी ‘रानपिंगळा’ म्हणालं तर कारण विचारा. डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट असतील तर तो आपला नेहमीचा पिंगळा, गावाजवळच्या चिंचेवरचा. अंगभर बारीक आडव्या रेघा असतील तर जंगली पिंगळा. डोकं जवळपास ठिपक्यांविना, छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, पोट खाली पांढरं स्वच्छ आणि पंख-शेपटीवर रुंद ठळक पट्टे असतील तर रानपिंगळ्याची शक्यता धरा आणि मग जागा लगेच झाका. ‘मला वाटतं’ एवढंच लिहिलेलं उत्तर उत्तर धरायचं नाही. ओळख पक्की झाली की मूळ मेसेजवर एकाच ॲडमिनने ठरलेली इमोजी लावायची. पुढे शोधताना तीच खूण कामाला येते.

कडुनिंब, धुळे

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

काढण्याचं आधी. एक सूचना खासगीत, दुसरी ग्रुपवर नाव न घेता (‘नियम २ पुन्हा वाचावा’), तिसऱ्या वेळी ३० दिवस बाहेर. सहा महिने काही घडलं नाही तर जुन्या सूचना पुसायच्या. पोपट विकणारा, शिवीगाळ करणारा आणि सांगूनही घरट्याची जागा फोडणारा यांना ही शिडी नाही, थेट बाहेर.

कोणी काढायचं? एकट्याने नाही. ॲडमिनांचा वेगळा छोटा ग्रुप हवाच. तिथे दोघांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय माणूस काढायचा नाही. आणि ज्या वादात ॲडमिन स्वतः बोलतोय तिथे त्याने हात लावायचा नाही, दुसऱ्याला बोलवायचं. ग्रुप फुटतात ते बहुतेक याच एका चुकीने. एक साधी वही किंवा शीट ठेवा: तारीख, कोण, कोणता नियम, काय केलं, कोणी केलं. पाच रकाने पुरे. ‘मलाच का?’ असं कोणी विचारलं की वहीतून सांगता येतं, गेल्या महिन्यात याच नियमाखाली किती जणांना सांगितलं. नावं मात्र सांगायची नाहीत.

तुमच्या पाच ॲडमिनांपैकी दोघे नावाला आहेत, ते बदला. ४३० जणांना तीन जागते ॲडमिन चालतात, पण वेळा वाटून घ्या. सकाळी ६ ते ९ आणि रात्री ९ ते ११ या दोन वेळा कोणीतरी हवं. फेरीवरून आलेले लोक फोटो टाकतात ती पहिली वेळ, जेवण झाल्यावर फॉरवर्ड करतात ती दुसरी. नोव्हेंबरात ५ ते १२ राज्याचा पक्षी सप्ताह असतो, शाळांचे कार्यक्रम असतात, तेव्हा एक जास्तीचा धरा.

कायद्याचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ च्या निकालात म्हटलं आहे की, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दाखवावा लागतो. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं होतं आणि ॲडमिनवरचा गुन्हा रद्द झाला. केरळ उच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये असाच निकाल दिला. याचा अर्थ चौकशीला बोलावणं येणारच नाही असा नव्हे. गंभीर काही आलं तर क्रम असा: स्क्रीनशॉट (नंबर आणि वेळ दिसेल असा), मग डिलीट, मग वहीत नोंद. आधी डिलीट केलंत तर तुम्ही काय केलं हे दाखवायलाच काही उरत नाही. आणि ॲडमिनने स्वतः त्या मेसेजवर हसण्याचा इमोजी टाकू नये, एवढं तरी.

तापीकाठ, भुसावळ

फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. आप्पांनी सांगितलं तसं पाच ओळींत बसवलंय. बघा:

‘१. पक्षी आणि त्यांचा परिसर एवढंच. गप्पा भरीत कट्ट्यावर.
२. दोन बाणांचा फॉरवर्ड काढला जाईल.
३. घरटं, घुबड, शिकारी पक्षी, रानपिंगळा : जागा तालुक्यापर्यंत. नक्की जागा विचारू नये, सांगू नये. फोटो डॉक्युमेंट म्हणून टाकू नये.
४. खरेदी-विक्री रविवारी, किमतीसह. जिवंत पक्षी, पिसं, अंडी कधीच नाही.
५. जखमी पक्षी दिसल्यास पिन केलेला मेसेज बघा, वन विभाग १९२६.’

जखमी पक्ष्याच्या पिनचा मजकूर: ‘पक्षी अलगद कापडात धरून खोक्यात ठेवा, पाणी पाजा, १९२६ ला फोन करा, फोटो टाका.’ चालेल का?

सातपुडा_पायवाट, चोपडा

नियम चांगले झालेत. पहिल्यात ‘एवढंच’ काढा आणि ‘आधी पक्षी’ लिहा. ‘एवढंच’ लिहिलं की पळसाचा फोटो टाकणाऱ्याला कोणीतरी लगेच नियम दाखवतो. दहा मेसेजची मर्यादाही तिथेच एका वाक्यात घाला.

पिनमधलं ‘पाणी पाजा’ मात्र आजच काढा. मे महिन्यात घेरी येऊन पडलेल्या पाखराच्या चोचीत लोक झाकणाने पाणी ओततात, ते श्वासनलिकेत जातं आणि पक्षी हातातच दगावतो. मजकूर असा ठेवा: ‘पुठ्ठ्याचं खोकं, आठ-दहा भोकं, तळाला सुती कापड. पक्षी आत, झाकण बंद, सावलीत, शांत जागी. चोचीत पाणी किंवा खाणं घालू नका. मांजा गुंतला असेल तर ओढू नका, दोन्हीकडून कापा, पंखाला वेढलेला राहू द्या. १९२६ ला फोन करून तालुका आणि गाव सांगा. ग्रुपवर एकच फोटो.’ शेवटचं वाक्य ठेवाच, नाही तर लोक उजेडात पुन्हा पुन्हा खोकं उघडतात.

आप्पा_वाघूर, जामनेर

बरोबर. आणि भरीत कट्ट्याची लिंक नियमातच टाका, पिनमध्ये वेगळी नको. तीनच जागा शेतस.

तापीकाठ, भुसावळ

दोन्ही दुरुस्त्या केल्या. कट्टा आज रात्री उघडतो, नियम उद्या सकाळी ६ ला पिन होतील. ३० दिवसांची आठवण माझ्याच फोनमध्ये लावली आहे.